कोरी जागा आणि भरलेले पान

गोमंतकातील मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगण्याची वेळ आली की आपल्या सभा-संमेलनांतून एक अभिप्राय हटकून ऐकू येतो. तो असा की, जगात दोन महायुद्धे होऊन गेली, साम्राज्ये उलथली, परंतु आमची पत्रे जत्रा, काले, मुंजी, नेमणुका आणि मृत्युलेख यांतच रमून राहिली. पुण्या-मुंबईच्या पत्रांशी त्यांची तुलना करणेच अनुचित होय. हा अभिप्राय प्रस्तुत लेखकानेही वर्गात अनेकदा दिला आहे, आणि तो देताना आपण तो स्वतः कधी तपासून पाहिलेला नाही याची टोचणीही लागली नाही. फेरविचाराचा प्रसंग आणला तो एका विद्यार्थ्याने. दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालू असता, १९४३ साली मुरगाव बंदरात जळालेल्या जहाजांचा उल्लेख ओघात आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मुरगाव साखळीहून दीड तासावर. मग आमच्या पणजोबांनी हे घरात कधीच कसे सांगितले नाही?"

"तेव्हा सेन्सॉर होता," असे उत्तर मी दिले. ते खोटे नव्हते; पण मुलाच्या चेहऱ्यावरून ते पुरेसे नाही हेही दिसत होते. सेन्सॉर तर पुण्यातही होता. मुंबईतही होता. तरी तेथील महायुद्धकालीन मराठी लेखन आज आपण वाङ्मय म्हणून वाचतो, आणि येथले कोणी वाचत नाही. हा फरक लेखकांच्या कुवतीचा की आणखी कशाचा, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या साखळीचे स्थान या विचाराला सोयीचे आहे. वाळवंटीच्या काठावरून निघालेला माणूस चोर्ल्याचा घाट चढून गेला की बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात पोहोचत असे. घाटाखाली एक कायदा, घाटमाथ्यावर दुसरा. भाषा तीच, अभंग तेच, लग्नसंबंधही दोहोंकडे. परंतु छापील शब्दाला मिळणारी वागणूक अगदी निराळी. ब्रिटिशांचा कायदा मुख्यतः शब्द छापून झाल्यावर हात उगारीत असे. १९१० च्या प्रेस अॅक्टाने चालू पत्राकडून पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार सरकारला दिला. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त, पुढे छापखानाही जप्त. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, परंतु अनामतीचे तत्त्व निरनिराळ्या वटहुकुमांच्या रूपाने परत परत आले. युद्धकाळात तारा आणि टपाल यांवर आधीच कात्री चाले, आणि १९३९ पासून भारत संरक्षण नियमांनी सरकारचे हात आणखी लांब केले, हे खरे. तरीही नेहमीची रीत अशी की, संपादकाने लिहावे, वाचकाने वाचावे आणि मग सरकारने पकडावे. पोर्तुगीज राजवटीत २८ मे १९२६ च्या लष्करी उठावानंतर रीत नेमकी उलटी झाली. आधी सरकारने वाचावे, मग, उरले तर, वाचकाने.

या दोन रीतींचा परिणाम गद्याच्या घडणीवर कसा होतो ते पाहण्यासारखे आहे.

छापल्यानंतर शिक्षा करणारा कायदा क्रूर असतो; टिळकांना १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांसाठी सहा वर्षे मंडालेस काढावी लागली. पण असा कायदा लेखकाला एक अवकाश ठेवतो. शब्द वाचकापर्यंत पोहोचतो, आणि तो राजद्रोही आहे हे न्यायालयात सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडतो. मग सरकारलाच समीक्षक व्हावे लागते! १९०८ च्या खटल्यात सरकारी भाषांतरांनी मूळ मराठीचा विपर्यास केला आहे ही टिळकांची तक्रार म्हणजे एका परीने शैलीविषयक वादच होता. पुढे १ मे १९१६ रोजी बेळगावात, म्हणजे आमच्या घाटमाथ्यापलीकडेच, टिळकांनी स्वराज्यावर भाषण केले. त्या आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. युद्ध ऐन भरात होते. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला, आणि भाषण तुटक वाक्यांनी न तोलता समग्र वाचले पाहिजे असा दंडक घातला. आपण मुलांना रसग्रहण शिकविताना याहून वेगळे काय सांगतो?

असा अवकाश मिळाला की लेखणी वळणे घ्यावयास शिकते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. त्यांचे 'कीचकवध' नाटक सरकारने १९१० मध्ये बंद पाडले, कारण द्रौपदी कोण आणि कीचक कोण हे प्रेक्षकांस कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. हेच खाडिलकर पहिल्या महायुद्धात 'केसरी'तून युद्धाचे विवेचन करू लागले. हाताशी साधने ती कोणती? रॉयटरच्या तारा आणि सरकारी पत्रके. दोन्ही चाळणीतून आलेली. ज्या माणसाने शस्त्रांच्या कारखान्याची स्वप्ने पाहत नेपाळात कौलांचा कारखाना काढला होता, त्याला युद्धशास्त्राची आवड नव्याने लावून घ्यावी लागली नाही. परंतु त्यांच्या लेखांचे महत्त्व युद्धशास्त्रीय माहितीत आहे असे मला वाटत नाही. ते आहे वाचकाला सरकारी बातमी वाचावयास शिकविण्यात. अमुक ठिकाणी 'योजनेप्रमाणे माघार' झाली असे पत्रक म्हणत असेल, तर नकाशा काढून ते ठिकाण आणि मागच्या आठवड्याचे ठिकाण यांतील अंतर मोजावे. पुढचा निष्कर्ष संपादकाने उच्चारण्याचे कारणच नाही. नाटककार खाडिलकर पौराणिक कथेत वर्तमान वाचावयास लावीत, वृत्तपत्रकार खाडिलकर सरकारी पत्रकात पराभव वाचावयास लावीत. दोन्ही ठिकाणी अर्थ पूर्ण करण्याचे काम वाचकावर सोपविलेले आहे.

अच्युत बळवंत कोल्हटकरांची तऱ्हा निराळी. त्यांनी १९१५ मध्ये मुंबईत 'संदेश' काढला आणि बातमीला नाटकाचा पडदा लावला. अच्युतरावांची भडकपणाबद्दल पुष्कळ निंदा झाली आहे, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. पण ज्यांनी 'वत्सलावहिनींची पत्रे' लिहिली त्यांना एक गोष्ट अचूक कळली होती: कायदा विधानाला पकडू शकतो, स्वराला पकडणे त्याला जड जाते. स्वयंपाकघरातून बोलणाऱ्या बाईच्या लडिवाळ पत्रावर खटला भरावयाचा म्हणजे सरकारने स्वतःच हसे करून घ्यावयाचे. मराठी वृत्तपत्रीय गद्याला जो खेळकर, घरगुती, चिमटे घेणारा सूर त्या वर्षांत सापडला, त्याच्या जन्माचे थोडे श्रेय सरकारच्या धाकालाही द्यावे लागते.

या अवकाशाच्या मर्यादाही मोठ्या होत्या, हे विसरून चालणार नाही. मेसोपोटेमियाची मोहीम हे त्याचे दुःखद उदाहरण होय. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये कोकण-देशावरील मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना नावांतून दिवसेंदिवस उघड्यावर, पट्ट्यांवाचून बसऱ्यास आणण्यात आले. सरकारी तारेत मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक झाल्याचे नमूद होते. ज्या मेजर कार्टर नावाच्या डॉक्टराने खरी स्थिती वर कळविली, त्यालाच अटकेची धमकी मिळाली. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा हे जगास कळले. तोवर एप्रिल १९१६ मध्ये कुत पडले होते आणि सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले होते. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या घरात 'समाधानकारक' हा शब्द कोणी मोठ्याने वाचून दाखविला असेल, आणि आईने देवापुढे साखर ठेवली असेल. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रेही सेन्सॉर फोडून वाचीत असे. त्यांतून निसटण्यासाठी एका शिपायाने काळी मिरी संपत आल्याचे व आता लाल मिरची वापरीत असल्याचे लिहिले. हिंदी शिपाई खपत आहेत, गोऱ्यांची आता पाळी आहे, असा त्याचा अर्थ. ज्या गोमंतकात मिरवेल पोफळीवर चढते तेथील वाचकाला हे रूपक समजावून सांगावे लागू नये. शाळेत पाऊल न टाकलेला माणूस संकटात कवी होतो, तो असा.

त्याच काळात युरोपातील वृत्तपत्रांत एक नवीच वस्तू दिसू लागली: कोरी जागा. फ्रान्समध्ये सेन्सॉरने ओळी काढल्या की पानावर पांढरा डाग राही. पोर्तुगालवर जर्मनीने ९ मार्च १९१६ रोजी युद्ध पुकारले आणि त्याच महिन्यात तेथे वृत्तपत्रांची पूर्वतपासणी कायद्याने सुरू झाली. लिस्बनच्या पत्रांतही असे पांढरे डाग पडले. या कोऱ्या जागेकडे आपण तुच्छतेने पाहू नये. ती वाचकाशी प्रामाणिक असते. येथे काही होते, ते काढले गेले, एवढे ती सांगते. आणि वाचकाचे कुतूहल तेथेच बोट ठेवून उभे राहते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ती या जागेचे सामर्थ्य ओळखूनच.

सालाझारच्या राजवटीने हे सामर्थ्य ओळखले होते. १९३३ च्या घटनेबरोबर सेन्सॉरशिप कायम झाली, आणि कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडण्यासही मनाई झाली. ओळी काढल्या तर तेथे दुसरे काही भरले पाहिजे. पान भरलेले दिसले पाहिजे. पानाच्या कोपऱ्यात 'व्हिझादु पेला सेंसुरा', म्हणजे सेन्सॉरने पाहिले, एवढी खूण तेवढी असे. रोज दिसणारी खूण डोळ्यांना दिसेनाशी होते हे कोणाही शिक्षकास ठाऊक आहे. माझ्या मते आमच्या गोमंतकीय पत्रांच्या फायलींचे कोडे येथे उलगडू लागते. जत्रा, मुंजी आणि नेमणुका यांनी भरलेले ते पान हे संपादकाच्या आवडीचे चित्र असेलही. पण ते काढून टाकलेल्या मजकुरावर घातलेले ठिगळही असू शकते. कोणते पान कोणत्या प्रकारचे, हे पानाकडे पाहून कळत नाही. न कळावे हीच तर योजना होती.

गोमंतकीयांची कुवत कमी होती म्हणावे, तर आधीच्या पंधरा वर्षांचा पुरावा आड येतो. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता मिळाली, आणि १९२६ पर्यंतचा काळ येथील मराठी लेखणीला बराच मोकळा गेला. केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी चालविलेले 'भारत' त्याची साक्ष देते. खटल्यांची पर्वा न करता सरकारी अधिकाऱ्यांना जाब विचारणारे ते पत्र होते. लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९२८ मध्ये 'प्रकाश' सुरू केला. त्यांच्या पोर्तुगीज गद्याची धार लिस्बनलाही जाणवत असे. १९३७ मध्ये 'प्रकाश' बंद पाडला गेला आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. यानंतरची स्थिती अशी की लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही सेन्सॉरची संमती लागे. नव्या पिढीला ही अतिशयोक्ती वाटते. ती अतिशयोक्ती नव्हे. ज्याला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द छापण्यापूर्वी कचेरीत दाखवावे लागतात, त्याच्याकडून युद्धमीमांसेची अपेक्षा करणाऱ्या टीकाकाराने थोडे थांबावयास हवे.

लेखणी मेली नाही. ती घाट चढून गेली. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांची गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील पुस्तिका १९४४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. बा. भ. बोरकरांसारख्या कवीने मुंबईत राहून 'आमचा गोमंतक' आणि 'पोर्जेचो आवाज' ही पत्रे संपादिली. म्हणजे गोमंतकीयांचे सर्वांत धीट वृत्तलेखन ज्या फायलींत आहे त्या फायली गोमंतकातील नव्हेतच. आपण मोजमाप करतो ते येथे उरलेल्याचे.

आता त्या जहाजांकडे वळतो. युद्धाच्या आरंभीच्या काळात एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे व आन्फोरा हे इटालियन जहाज तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात आश्रयाला आली व अडकून पडली. एरेनफेल्सवरील गुप्त प्रक्षेपकातून ब्रिटिश जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळविल्या जातात अशी ब्रिटिशांची धारणा झाली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी फौजी पथकांतील मध्यमवयीन गोऱ्यांची एक तुकडी गाळ वाहणाऱ्या संथ नौकेतून आली आणि तिने एरेनफेल्सवर छापा घातला. कप्तान मारला गेला. खलाशांनी जहाजांना आगी लावल्या, पाण्याच्या झडपा उघडल्या, आणि चारही जहाजे बुडाली. (याच तारखेस सत्तावीस वर्षांपूर्वी जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारले होते, योगायोगाला अर्थ नसतो, पण तो ध्यानात राहतो.) छाप्याची हकीकत जगापुढे आली ती १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने, म्हणजे पस्तीस वर्षांनी. दोन वर्षांनी त्यावर चित्रपटही निघाला.

या मौनात विशेष हे की ते एकट्या पोर्तुगीजांचे नव्हते. ब्रिटिशांनी तटस्थ बंदरात घुसून छापा घातला होता, त्यांना ते झाकावयाचे होते. पोर्तुगालला आपली तटस्थता मोडली गेली हे कबूल करणे अवघड होते. म्हणून घाटाखालच्या आणि घाटावरच्या दोन्ही सेन्सॉरांचे त्या एका रात्रीपुरते एकमत झाले. त्याच बंदरात सात महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, तेइया मारू आणि ग्रिप्सहोल्म या जहाजांवरून आलेल्या जपानी व अमेरिकन नागरिकांची अदलाबदल झाली, तेव्हा मुरगावचे नाव अमेरिकेतील वृत्तपत्रांतून झळकले. तेच पाणी, तोच धक्का. एक बातमी सर्वांच्या सोयीची, दुसरी कोणाच्याच नव्हे.

छापील पान असे दोहोंकडून आवळले गेल्यावर लोक रेडिओकडे वळले यात नवल नाही. चोर्ल्याच्या नाक्यावर पत्रांचा गठ्ठा अडविता येतो, ध्वनिलहरी अडवता येत नाहीत. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालविला तो यामुळेच. पण सरकारेही हवेतून बोलत होती, आणि मराठीतूनही. लंडनच्या बी.बी.सी.साठी जॉर्ज ऑरवेल १९४२-४३ मध्ये युद्धवार्तापत्रे इंग्रजीत लिहीत आणि त्यांतील काही मराठीत भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत. वेणू चितळे या मराठी विदुषी त्याच विभागात काम करीत. प्रत्येक संहितेवर दोन शिक्के लागत, एक सुरक्षेचा आणि एक धोरणाचा. दुसरा शिक्का अधिक विचार करावयास लावतो. शत्रूला उपयोगी पडेल म्हणून गाळणे हे समजू शकते. धोरणाला न शोभेल म्हणून गाळणे ही वेगळीच गोष्ट. पुढे 'नाइन्टीन एटी-फोर' लिहिणाऱ्या माणसाने ही कचेरी आतून पाहिली होती.

यातून वाचकाच्या मनाचे काय झाले? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, शहर हादरले. गोदीत आणि जहाजांवर पोट भरणारे गोमंतकीय त्या काळी मुंबईत हजारोंनी होते. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने तपशीलवार बातमी दिली. बातमीदारांना मात्र आपली वृत्ते बाहेर पाठविण्यास मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुभा नव्हती. म्हणजे कुडचड्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या आईला आपला मुलगा काम करतो ती गोदी उडाली हे शत्रूने सांगितले, मित्राने सांगितले नाही. अशा वाचकाला पुढे खरी बातमी दिली तरी तो तीवर विश्वास ठेवील काय? सेन्सॉरचे हे नुकसान फाइलींत कोठेच दिसत नाही.

मी येथे सर्व गोमंतकीय संपादकांची सुटका करू इच्छितो असे कोणी समजू नये. सेन्सॉर ही आळशी लेखकाची उत्तम ढाल असते. परवानगी मिळाली असती तरी ज्यांनी गव्हर्नरच्या स्वागताचीच कवने छापली असती असे लोक आपल्यात होते, आजही आहेत. उलट पुण्या-मुंबईचे प्रत्येक पत्र काही खाडिलकरांचे नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की १९२६ नंतरच्या येथील पानांवर वाङ्मयीन निवाडा देताना पानाशेजारी कायद्याची तारीख ठेवावी. आणि आपल्या पदवी वर्गांतून वृत्तपत्रीय गद्य शिकविताना घाटमाथ्यावरचे आणि घाटाखालचे गद्य एकाच मापाने मोजू नये. जुन्या फायली पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाहावयास मिळतात. वार्षिक सहलीच्या निमित्ताने मुलांना तेथे नेण्याचा आमच्या शाळेचा विचार आहे. किल्ले पुष्कळ पाहून झाले.

त्या मुलाला मी नंतर बोलावून एक घरची गोष्ट सांगितली. माझ्या आईचे मामा युद्धकाळात मुरगावच्या धक्क्यावर कारकून होते. जहाजांचा विषय निघाला की ते एकच वाक्य म्हणत, "जर्मनांनी आपलीच जहाजे आपल्या हातांनी जाळली." पुढे काही नाही. हे वाक्य खोटे नव्हते. कर्ता बरोबर, कर्म बरोबर, क्रियापद बरोबर. कारण तेवढे गाळलेले. मामा वारले तेव्हा ते पुस्तक निघून बरीच वर्षे झाली होती, पण इंग्रजी पुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, आणि आमच्यापैकी कोणी त्यांना वाचून दाखविले नाही.